चार आईस पॅक

"मामा, तुमच्या लेकीचं सॅम्पल बाद झालं," लॅबमधली टेक्निशियन काचेच्या खिडकीतून म्हणाली, आणि बर्फमामांच्या हातातली सकाळची पहिली पेटी हातातच राहिली.

बर्फमामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गेली एकतीस वर्षं ते शहरभरच्या दवाखान्यांतून रक्ताची सॅम्पलं गोळा करून स्कूटरवरून या लॅबमध्ये पोचवत होते, आणि समोरचा माणूस कसा आहे हे विचारण्याआधी पेटीत बर्फ आहे का हे विचारत होते. रक्त आणि दूध, गरम झालं की नासलंच, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. घरच्या फ्रीजरमध्ये आईस पॅकची अशी दाटी की बायकोला मटाराचा दाणा ठेवायला जागा नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या हातचं एकही सॅम्पल नासलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते कुणी न विचारताही सांगत.

लेक त्यांची एकुलती एक. वय एकोणचाळीस, लग्नाला बारा वर्षं. दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना काही ओलांडला नव्हता. या खेपेला ओलांडला, घरात सगळे कुजबुजत का होईना हसायला लागले, तोच पहिल्या रक्ततपासणीत बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याची शक्यता जरा जास्त निघाली. डॉक्टरीणबाईंनी धीर दिला. म्हणाल्या, हा नुसता अंदाज असतो. आता याहून नेमकी तपासणी निघाली आहे. आईच्या रक्तात बाळाचेही बारीक अंश फिरत असतात. तिच्या हातातून दोन ट्यूब रक्त घेतलं की त्यावरून बाळाबद्दल पुष्कळ कळतं, पोटाला सुई न लावता. मामांना हे इतकं आवडलं की आठवडाभर ते दिसेल त्याला अडवून सांगत होते, "लेकीच्या रक्तात नातवंड सापडतं, बोला आता."

या तपासणीच्या ट्यूब वेगळ्या, आणि त्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून नेणारा माणूसही वेगळा. पण माझ्या लेकीचं रक्त मीच नेणार, असा मामांनी हट्टच धरला. एरवी पेटीत दोन आईस पॅक लावायचे, त्या दिवशी चार लावले, दोन्ही ट्यूब त्यांच्या मधोमध बसवल्या आणि पेटी पायांशी घट्ट धरून स्कूटर हाकली. त्याला आज दहा दिवस झाले होते.

बाद म्हणजे काय, असं मामांनी विचारलं. टेक्निशियन म्हणाली, रक्त खाली बसल्यावर वर जे पाणी राहतं ते लाल झालं होतं, पेशी फुटल्या होत्या, अशा रक्तातून निकाल काढता येत नाही. होतं कधीकधी, कारण सापडत नाही. तसा रिपोर्ट कालच दवाखान्यात गेला होता.

"बर्फाची कसूर नव्हती हं," मामा ताठ होऊन म्हणाले. "चार पॅक लावले होते."

पोरीचा हात लिहिता लिहिता थांबला. तिनं मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"मामा, त्या ट्यूबला बर्फ लावत नाहीत. साध्या हवेत न्यायच्या असतात. खोक्यावर लिहिलेलं असतं."

खोकं मामांनी घेतलंच नव्हतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात काय रक्त नेतात, असं म्हणून ते दवाखान्यातच ठेवून आले होते.

टेक्निशियन चांगली पोर होती. हळूच म्हणाली, मी काही ऐकलेलं नाही, तुम्ही पेटी ठेवा आणि जा. पण मामांचा पाय निघेना. निकाल लागला नाही तर डॉक्टर काय समजतात, हे त्यांनी विचारलं. तिनं खरं तेच सांगितलं: काही बाळांत दोष असला तरी निकाल लागत नाही, त्यामुळे आधीच शंका असेल तर ती वाढते.

शेवटी मामांनी खिडकीत पेटी रिकामी केली आणि बाहेर येऊन जावयाला फोन लावला. जावई दवाखान्यातूनच बोलत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की वय, पहिली तपासणी आणि आता हा न लागलेला निकाल, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतायत. पोटातून सुईनं बाळाभोवतीचं पाणी काढून तपासलेलं बरं. दोघांनी रात्रभर विचार करून हो म्हटलं होतं. अकरा वाजता करणार होते. मामांच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. बोलून टाकावं असं त्यांना वाटलं, पण हे फोनवर कसं सांगायचं? येतो, एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग जी स्कूटर सुटली! मामा आयुष्यात कधी असे चालवत गेले नव्हते; रक्त हिंदकळू नये म्हणून खड्डा दिसला की उतरून ढकलणारा माणूस तो. आज पेटी रिकामी होती आणि डोकं भरलेलं. मन एकीकडे पळवाट शोधत होतंच. कुणाला कळणार आहे? सुईनं तर उलट पक्का निकाल लागतो. सुईनं गर्भ जाण्याची भीती शेकड्यांत एखादीला, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या. पण ती शेकड्यांतली एक बाई मामांना प्रत्येक सिग्नलला आपल्या लेकीच्या चेहऱ्याची दिसायला लागली. दोनदा रिकाम्या हातानं दवाखान्यातून घरी आलेली लेक त्यांनी पाहिली होती. तिसऱ्यांदा, आणि तेही आपल्या बर्फापायी? मामांनी सिग्नल तोडला.

लेक हिरवा झगा घालून खाटेवर बसली होती. जावई दारात. नर्स आत जाऊ देईना, तेव्हा मामांनी दारातूनच आवाज दिला. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत बाहेर आल्या.

"सुई घालू नका," मामा धापा टाकत म्हणाले. "त्या रक्ताचा निकाल लागला नाही तो माझ्यामुळे. मी बर्फ लावला होता."

"त्या ट्यूबला?"

"हो. दोन्हींना. दोन तास."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. फिरवून फिरवून तीनदा विचारलं, लॅबला फोन केला, तिथल्या मोठ्या डॉक्टरांशी बोलल्या. मामा तोवर भिंतीला टेकून उभे. मग डॉक्टरीणबाईंनी लेकीला समजावलं की असं असेल तर न लागलेल्या निकालाला काहीच अर्थ नाही. सोळावाच आठवडा चालू आहे, रक्त पुन्हा पाठवून थांबायला वेळ आहे. सुई आज की थांबायचं, ते तू ठरव.

लेकीनं बोटांवर आठवडे मोजले. शाळेत गणित शिकवणारी बाई ती, तिचं असं मोजणं मामांना तिच्या लहानपणापासून माहीत होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटे.

"काल संध्याकाळपासून मी पोटाला हात लावला नाही, बाबा," ती म्हणाली. "म्हटलं, उगाच जीव लावायला नको."

मामांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लेकीनं झग्याची बाही वर केली आणि हात डॉक्टरीणबाईंपुढे धरला. रक्त ट्यूबमध्ये चढत असताना तिनं बापाकडे तिरकं पाहिलं.

"किती पॅक लावले होते?"

"चार."

"नेहमी तर दोन लावता."

"आपल्या माणसाचं होतं म्हणून," मामा म्हणाले. लेकीला हसू फुटलं आणि ते थांबेना. हात हलतोय म्हणून डॉक्टरीणबाई ओरडल्या, तर जावईही हसायला लागला. मामा मात्र रडत होते.

या वेळी ट्यूब पुठ्ठ्याच्या खोक्यातून, दुसऱ्या माणसाबरोबर गेल्या. मामांनी नेतो म्हटलं नाही.

लॅबमध्ये त्यांनी झाला प्रकार स्वतः लिहून दिला. टेक्निशियननं कपाळाला हात लावला. मोठे डॉक्टर भले होते, पण नियम तो नियम: सॅम्पल नासवणाऱ्याच्या हाती पुन्हा रक्त द्यायचं नाही. मामांची पेटी काढून घेतली आणि त्यांना रिपोर्टची पाकिटं वाटायचं काम दिलं. दोन दिवसांत पोरं त्यांना कागदमामा म्हणायला लागली. मामा हसत. पण घरी जाऊन त्यांनी फ्रीजर रिकामा केला तेव्हा बायकोलाही बघवलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी नऊ वाजता टेक्निशियननं पाकिटांचा गठ्ठा खिडकीतून सरकवला. वरून पाचवं पाकीट लेकीच्या नावाचं होतं. मामांनी वर पाहिलं. पोरीनं मान खाली घातली. निकाल तोंडी सांगायचा नाही, हा तिथला नियम.

पहिला दवाखाना, दुसरा, तिसरा. प्रत्येक वळणावर स्कूटर आपोआप लेकीच्या दवाखान्याकडे वळायची आणि मामा तिला ओढून परत रस्त्यावर घ्यायचे. चौथ्या दवाखान्यातल्या नर्सनं त्यांचा चेहरा बघून बसा म्हणून पाणी दिलं. बसले नाहीत.

लेक सकाळपासून येऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंनी पाकीट फोडलं, वाचलं आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं तो दोनदा वाचला.

"बाबा, बाळ ठीक दिसतंय. दोष असण्याची शक्यता अगदी नगण्य, असं लिहिलंय."

मामा जवळच्या खुर्चीत बसले, एकदम. जावयानं त्यांना मिठी मारली. लेक पोटावर हात ठेवून नुसती हसत होती, आणि हसता हसता तिनं विचारलं, पाकीट तुम्हाला कधी मिळालं. नऊला, असं मामा म्हणाले. आत्ता साडेबारा वाजले होते.

"साडेतीन तास खिशात घेऊन हिंडलात?"

"तुझ्या आधी चार दवाखाने होते."

लेकीनं बापाकडे नीट पाहिलं. मग उठून तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं, आणि थोडं थांबा, चहा घेऊन जा म्हणाली.

मामांनी गठ्ठ्यात पाहिलं. अजून सहा पाकिटं होती, आणि त्यांतही दोन ह्याच तपासणीची. पुढचा दवाखाना एकला जेवायला बंद व्हायचा. चहा नंतर घेतो म्हणून ते उठले.