चौथा कोट

टेलर मास्तर गळ्यात टेप अडकवायचे ते निव्वळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. माणूस दुकानाची पायरी चढला की त्याची छाती, खांदा, पोटाचा घेर सगळं त्यांनी नजरेनंच टिपलेलं असायचं. टेप लावायची ती उगीच, रीत म्हणून. या नजरेचा मास्तरांना भारी तोरा होता, आणि यंदाच्या उन्हाळ्यात त्याच तोऱ्यानं त्यांना तोंडघशी पाडलं.

झालं असं, की मुलाचा फोन आला. मुलगा राहायचा त्याच शहरात, पण पार दुसऱ्या टोकाला, आणि फोनवर कायम घाईत.

"बाबा, यंदा सुट्टीत आपण डोंगरावर! अगदी उंचावर, पाइनच्या जंगलात. केबिन बघून ठेवलीय. इथं लोक उकडून निघतील आणि तिथं रात्री शेकोटी लागेल. ठेवतो, मीटिंग आहे."

मास्तरांचा पाय मशीनवरच थबकला. 'आपण' म्हणाला की!

आपल्या भाषेची गंमत बघा. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. पण काही शहाणे स्वतःलाच 'आपण' म्हणतात. मास्तरांचे चिरंजीव कॉलेजात असल्यापासून त्यातलेच. "आपण नाही बुवा असल्या भानगडीत पडत," ही त्यांची बोलायची तऱ्हा. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण फोन ठेवताना त्यांना ते आठवलं नाही, किंवा आठवून घ्यायचं नव्हतं. बायको असती तर तिनं फोन हिसकावून विचारलं असतं, "आपण म्हणजे कोण कोण रे?" विचारपूस हे खातं तिच्याकडे होतं. ती गेल्यापासून ते बंदच पडलं होतं, आणि संध्याकाळी दुकान बंद करून घरी गेलं की मास्तरांशी बोलायला रेडिओखेरीज कुणी नव्हतं.

समोर चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाला मास्तरांच्याच वयाचा, लग्नाच्या वाटेला न गेलेला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मास्तरांच्या स्टुलावर येऊन बसायचा. मास्तरांनी पहिली बातमी त्याला दिली.

"आम्ही चाललो यंदा डोंगरावर. केबिन घेतलीय."

"केबिन? साहेब लोक बसतात ती?"

"अहो, लाकडाचं घर असतं. जंगलात."

"मग घर म्हणा की," चष्मेवाला म्हणाला आणि कुणाचा तरी चष्मा पुसत बसला.

त्या दिवसापासून दुपारी दुसरा विषय नाही. आम्ही सकाळी झऱ्यावर जाणार, आम्ही वाळलेली पाइनची फळं वेचून शेकोटी पेटवणार, आम्ही तिथं घड्याळ काढून ठेवणार. चष्मेवाला नुसता 'हं' म्हणायचा. नातीनं केबिनचा फोटो पाठवला तेव्हा मास्तरांनी तो बोटांनी मोठा करकरून पाहिला. ओसरीवर वेताची खुर्ची होती. तिच्यावर आपण बसायचं, हे त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

मग त्यांनी कोट शिवायला घेतले. जाड कापड, आत उबदार अस्तर. मुलाचा, सुनेचा, नातीचा, तिन्ही नजरेच्या मापानं. नातीचा जरा सैल ठेवला, पोरगी वाढतेय. चौथा स्वतःचा. जन्मभर मास्तरांनी स्वतःसाठी शिवलं ते उरल्यासुरल्या तुकड्यांचं, पण या कोटाला त्यांनी ताग्यातलं नवंकोरं हिरवं कापड फाडलं. आत चष्म्यासाठी खिसा ठेवला. काजं हातानं केली.

रविवारी मंडळी दुकानात आली. कोट अंगात घालून नात आरशासमोर गिरक्या घ्यायला लागली. सून म्हणाली, "बाबा, कमाल आहे तुमची. माप न घेता!" मास्तर खुशीत आले आणि सहज बोलावं तसं बोलून गेले, "झोपायची सोय कशी आहे रे तिथं?"

"एकच खोली आहे, बाबा, आणि वर छोटासा माळा," मुलगा म्हणाला. "आम्ही तिघं बरोबर मावतो."

आम्ही तिघं. मास्तरांनी कात्री उचलली, मग तिचं काहीच काम नाही हे ध्यानात येऊन परत ठेवली.

नातीनं तेवढ्यात हँगरवरचा हिरवा कोट ओढला. "आजोबा, हा कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा," मास्तर म्हणाले. "ठेव तिथं, बाळा. मळेल."

निघताना मुलानं घराची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "आमच्या कुंड्यांना पाणी घालाल ना? तुम्ही आहात म्हणून काळजी नाही." तो मनापासून बोलत होता. मास्तरांना त्याचा राग येईना. आला असता तर जरा बरं वाटलं असतं.

मंडळी डोंगरावर गेली. आता चष्मेवाल्याला तोंड कसं दाखवायचं? जगाच्या हिशेबी मास्तर डोंगरावर होते. ते पहाटे येऊन वाऱ्यापुरती फट ठेवून शटर आतून ओढून घ्यायचे आणि चोरासारखे मशीन चालवायचे. दिवस उतरला की पलीकडच्या टोकाला जाऊन कुंड्यांना पाणी घालायचे. तिथं रिकाम्या घरात सुनेच्या टेबलावर केबिनचा तोच फोटो छापून ठेवलेला होता. वेताची खुर्ची एकच होती, हे त्यांना आत्ता दिसलं.

एका दुपारी, घामाच्या धारा लागलेल्या असताना, त्यांनी हिरवा कोट अंगात घातला. गळ्यापर्यंत बटणं लावली आणि आरशासमोर उभे राहिले. फार एकटं वाटत होतं. तेवढ्यात शटर जरा वर सारून, वाकून चष्मेवाला आत आला.

"मशीनचा आवाज रोज येतोय. म्हटलं, चोर शिवणकाम करतोय की काय." मग त्यानं मास्तरांना नीट पाहिलं. "हे काय? या उकाड्यात कोट?"

"गिऱ्हाइकाचा आहे. बघतोय कसा बसतो."

"गिऱ्हाईक अगदी तुमच्याच अंगाचं दिसतंय."

मास्तरांनी एकेक बटण काढायला घेतलं. "मला बोलावलंच नव्हतं हो. मीच आपला समजून बसलो."

चष्मेवाला स्टुलावर टेकला. मग म्हणाला, "मी मात्र रोज ऐकत होतो. आम्ही जाणार, आम्ही बसणार. म्हटलं, नशीबवान माणूस आहे."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी मास्तरांना ते लागलं. इतके दिवस हा माणूस समोर बसून ते 'आम्ही' ऐकत होता, आणि त्याला कसं वाटत असेल हे एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"पुढच्या उन्हाळ्यात," मास्तर म्हणाले, "आपण जाऊ."

चष्मेवाल्यानं मान वर केली. "आपण म्हणजे?"

"आपण म्हणजे तुम्ही आणि मी." मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. "उठा, उभे राहा. कोट लागेल तुम्हाला."

"तुम्हाला टेप कशाला हवी? तुमचं माप तर नजरेत असतं."

"चुकते ती," मास्तर म्हणाले. "हात वर करा."