सुरीला चुकवणारा नळा

मी एक जुना, काळाकुट्ट बांबूचा नळा आहे, मित्रांनो. पोटात चहा, अगदी गच्च! आसामच्या टोकाला, सिंगफो लोकांच्या गावात, रोय नावाच्या बाईच्या चुलीवरच्या फळीवर बावीस वर्षं धूर खात पडलोय.

रोयच्या आईनं घरामागच्या सात उंच झाडांची पानं खुडली, कढईत परतली, उन्हात वाळवली आणि काठीनं ठोसून ठोसून माझ्यात कोंबली. जीव गुदमरला हो!

आमच्याकडे पाहुणा आला की सुरी निघते. नळ्याची चकती कापायची, आतला चहा उकळायचा. पाहुणा खूश, नळा खलास! म्हणून दारात पावलं वाजली की मी हळूच मागे सरकायचो. पुढचे भाऊ एकेक करून गेले. मी आपला काजळी फासून गप्प.

एके दिवशी रस्त्याचा ठेकेदार आला. त्यानं सातही झाडांवर चुन्याच्या फुल्या मारल्या. उद्या करवत.

"साहेब, तो चहा आहे," रोय म्हणाली.

"बाई, चहा कमरेएवढा असतो. बागा बघितल्यात मी. हे जंगल आहे."

रोयचा भाऊ तांग फिस्सकन हसला. "बागेत छाटून छाटून बुटका ठेवतात, साहेब. तुमची हजामत झाली म्हणजे तुम्ही टकले जन्मलात का?"

"तांग्या, गप!" रोय ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "झाडं उद्या तोडा. आज पाहुणे आहात, चहा घ्या."

फळीवर हात आला. मी मागे सरकलो. पण पुढे कुणी उरलंच नव्हतं! रोयनं माझी काजळी पुसली, आईनं कोरलेली खूण बघितली. तिनं क्षणभर डोळे मिटले. मीही.

कच्च!

ठेकेदारानं घोट घेतला. दूध नाही, साखर नाही. तरी तो तळापर्यंत पीत गेला. शेवटी त्यानं पेला पुढे केला.

"अजून द्या. कुठल्या बागेतला हा?"

रोयनं सुरीनंच खिडकीबाहेर दाखवलं. "तुम्ही फुल्या मारल्यात, त्या झाडांचा."

चुलीत लाकूड तडतडलं. ठेकेदार पेला घेऊन खिडकीपाशी गेला.

"तांग," तो म्हणाला, "पाणी आण. चुना ओला आहे तोवर निघेल."

आता रस्ता तिथं जरा वाकडा जातो. ठेकेदार मात्र दर रविवारी सरळ आमच्याच घरी येतो. झाडं वाचली, मी चाललोय! वीतभर उरलोय फक्त.

मित्रांनो, उंच झाड दिसलं तर त्याला जंगल म्हणण्याआधी शेजारच्या घरी विचारा. आणि आमच्याकडे जरूर या. फक्त येताना चहा पिऊन या!