आत माणूस होता

बटण दाबलं तरी मशीन हललं नाही, म्हणून सदाशिवने ते पुन्हा दाबलं.

“आरं, कोन हाय? मी आत हाय ना!” पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या आतून ज्योतीराम ओरडला.

सदाशिवची पाचावर धारण बसली. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, साफ करायला ज्योतीरामला त्यानेच आत पाठवलं होतं. मग तो चहाला गेला आणि एका कपात जिवंत माणूस विसरून आला. चाकणच्या या कंपनीत नियम आहे: आत जाणाऱ्याने मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्योतीरामचे हात वाचले ते त्या कुलपामुळे.

“बटण कुनी दाबलं, राव?” बाहेर येत ज्योतीरामने विचारलं.

“बघतो,” सदाशिव म्हणाला. खोटं बोलायला तेवढा विसरला नाही.

संध्याकाळी संत तुकाराम नगरच्या घरी त्याने बायकोला, चित्राला, सगळं सांगितलं. ती ताट वाढता वाढता थांबली.

“डॉक्टर किती दिवस सांगतायत? बीपीची गोळी चुकवू नका, रोज चाला, कान तपासून घ्या. विसरणं वाढलं तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. तुम्ही म्हणता, वय झालं!”

“दाखवून काय निघणार ते ठाऊक आहे मला.”

त्याची आई, चतुराबाई, शेवटी शेवटी त्यालाच म्हणायची, “पाहुणं, जेवून जा.” तो जेवायचा आणि मोरीत जाऊन रडायचा. आता ताटावर आपण बसलोय की ती, हेच त्याला कळेना. तो मनातून पार घाबरला होता.

“आईंना कोणी वेळेवर दाखवलंच नव्हतं,” चित्रा म्हणाली. “तुमचं तेच असेल कशावरून? लवकर कळलं तर काहीतरी करता येईल.”

“आणि प्रेसवरून काढलं तर? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी.”

“आणि ज्योतीराम भावजींचे हात?”

सदाशिव ताटावरून उठला.

सकाळी तो आधी ज्योतीरामकडे गेला. “काल बटण मीच दाबलं. तू आत आहेस हे विसरलो.”

ज्योतीरामने दोन्ही हात हळूच खिशात घातले. सदाशिवला वाटलं, याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तो सुपरवायझरच्या टेबलापाशी गेला. “रणजीत साहेब, मला प्रेसवरून काढा. आजच.”

“काय झालं, काका? अर्जात कारण काय लिहू?”

“विसरतो, असं लिहा.”

रणजीतने पेन खाली ठेवलं. सदाशिवने ते उचलून पुन्हा त्याच्या हातात दिलं.