परत काळा कर

निपाणीतल्या बुद्धविहारासमोरच्या मांडवाला एक भोक होतं. कापड फाटून पडलेलं, ताटाएवढं. समताच्या लग्नात दुपारचं ऊन त्यातून सरळ खाली आलं आणि नेमके तिचे आप्पा त्या उन्हात उभे होते. फुलं उधळली गेली, एक पाकळी त्यांच्या उघड्या तोंडात गेली आणि कृष्णात कांबळे मान मागे टाकून हसले. हायस्कूलमध्ये जन्मभर शिस्त लावलेला माणूस इतका मोकळा हसतो, हे मांडवातल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं.

लग्नानंतर पंधरवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले. तोंडाची डावी बाजू सावरली नाही. बोलणं जड झालं. आरशासमोर बसून रोज हसायचा व्यायाम करा, असं फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं. आप्पांनी घरातला आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला.

"वाकडं तोंड बघत बसायला मी काय माकड हाय?" एवढंच त्यांनी बायकोला, गंगव्वाला सांगितलं.

समताला म्हणूनच तो हसतानाचा फोटो हवा होता. हे तोंड तुमचंच आहे, ते पुन्हा आणायचं आहे, असं तिला ते चित्र हातात देऊन सांगायचं होतं. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये त्या क्षणाचे फोटो होते, पण सगळ्यांत आप्पांच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. ऊन आणि घाम मिळून चेहरा पुसला गेला होता. लग्नाचा फोटोग्राफर प्रशिक गल्लीतलाच. त्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावरही तोच डाग होता. आशा एकच होती. एरवी मेमरी कार्ड भरतं म्हणून प्रशिक कॅमेऱ्याने तयार करून दिलेला जेपीजी फोटोच तेवढा ठेवायचा. समताच्या लग्नात मात्र त्याने रॉ फाइलही ठेवली होती. कॅमेऱ्याने टिपलेला सगळा मूळ माल त्या फाइलमध्ये असतो.

रविवारी समता आणि प्रशिक बेळगावच्या विमानतळाजवळ, सांबऱ्याला गेले. प्रशिकचे अल्बम तिथला सौरव करायचा. घरची भातशेती, आणि पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर.

सौरवने फाइल उघडली. फोटो आला, उजळ, पांढरा डाग जिथल्या तिथे. क्षणभरच. मग त्यांच्या डोळ्यांदेखत तो काळवंडला. वर ढग यावा तसा मांडव करडा झाला, समताची पांढरीशुभ्र साडी राखेसारखी दिसू लागली.

प्रशिक खुर्चीतून उठलाच. "ह्ये काय झालं रं? आत्ता चांगला हुता की! खाल्ला तुझ्या कॉम्प्युटरनं."

"कॉम्प्युटरला नाव ठेवू नगंस. तूच काळा काढलायस."

"मी? लेका, आमच्यातली लग्नं पांढऱ्या कापडात. पांढरं जळू न्हाय म्हणून ती उजेड सांभाळायची सेटिंग मी आधी लावतो, मग चप्पल काढतो. कधी काळा आलता?"

"दरवेळी जेपीजी देतोस न्हवं मला. रॉ कुणी बघिटलाय तुझा?"

बोलता बोलता सौरवचा हात सवयीने चालला होता. अल्बम हातात आला की पहिलं काम उजेड वाढवायचं. गिऱ्हाइकाला उजळ लागतं. त्याने पडद्यावरची उजेडाची पट्टी उजवीकडे ओढली. मांडव उजळला, साडी उजळली आणि आप्पांचा चेहरा पुन्हा कोरा झाला.

"उन्हानं गिळलंय, आक्का," तो समताला म्हणाला. "न्हाय निघायचं."

समता पडद्याकडेच बघत होती.

"सौरव, परत काळा कर."

"आँ?"

"मघाशी काळा झाला तवा तिथं कायतरी हुतं. मिशी हुती."

"भास झाला आसंल."

"आसू दे भास. तू काळा कर."

"लोक उजळ करून मागत्यात, ही काळा करून मागती," प्रशिक पुटपुटला. सौरवने पट्टी मागे ओढली. पडदा पुन्हा अंधारला. या वेळी तिघांनी अंधाराकडे पाहिलं नाही. डाग होता तिथे पाहिलं.

डाग नव्हता. सगळा मांडव सांजेसारखा बुडालेला आणि त्यात तेवढा एक चेहरा स्वच्छ उजेडात. मिशीचा केस न् केस. खालच्या ओठावर चिकटलेली गुलाबाची पाकळी, तिची दुमडलेली कड. पडलेल्या दाताची फट. डोळे मिटलेले, डाव्या आणि उजव्या गालावर सारख्याच खोल वळ्या. कपाळावर घामाचे थेंब आणि प्रत्येक थेंबात वरच्या भोकातला सूर्य, टाचणीच्या टोकाएवढा.

बाहेर विमान उतरत होतं. खिडकीची तावदानं थरथरली. सौरवचा हात माउसवर तसाच राहिला. प्रशिक हळूच खाली बसला. हा चेहरा त्याने स्वतः टिपला होता आणि आज पहिल्यांदा बघत होता. त्या दुपारी मांडवातही तो कुणाला दिसला नव्हता. तिथे बघितलं की डोळे दिपत होते.

सौरव दबक्या आवाजात बोलला.

"उघडताना आधी दिसला, त्यो रॉ न्हवंच. कॅमेऱ्यानं आपल्या हातानं उजळून केलेला फोटो. त्यो रॉच्या फाइलमधीच चिकटून येतोय. पटकन दिसावा म्हणून सॉफ्टवेअर पयला त्यो दावतंय, आणि मग स्वतः खरा माल काढतंय."

"पण खरा एवढा काळा कसा?" समताने विचारलं.

"ह्येच्या त्या सेटिंगनं. पांढरं जळू न्हाय म्हणून कॅमेरा मुद्दाम उजेड कमी घेतोय, आणि जेपीजी करताना त्योच वाढवून देतोय. उजेड कमी घेतलाय, ह्ये माझ्या सॉफ्टवेअरला त्यो सांगत न्हाय. मग ह्येनं जेवढा आलाय तेवढाच दावला." तो थांबला. कोपऱ्यात भाताची पोती होती, तिकडे त्याने मान हलवली. "गिरणीतनं पॉलिश मारून आणलेला तांदूळ आणि ह्ये टरफलासकट भात, तसं जेपीजी आणि रॉ बघ. गिरणीनं काढलं ते परत चिकटवता येत न्हाय. ह्यात सगळं हाय आजून."

"म्हंजे चेहरा वाचला तो काळा आला म्हणूनच," समता म्हणाली.

"व्हय. आणि मी त्यो जाळत हुतो. दोनदा सांगाय लागलं तुला."

मग त्याने चेहऱ्याला हात न लावता बाकीचा अंधार तेवढा हळूहळू वर उचलला. साडी पांढरी झाली, उडत्या पाकळ्या लाल झाल्या, आणि आप्पा त्या सगळ्यांच्या मधोमध हसत राहिले.

संध्याकाळी समता मोठा छापलेला फोटो घेऊन निपाणीच्या घरी पोचली. आप्पा सोप्यात, घराच्या पुढच्या भागात बसले होते. फोटो घ्यायला आधी गंगव्वा पुढे आली. तिने पदराने हात पुसले होते, तरी पुन्हा पुसले, आणि फोटो घेऊन नवऱ्यापुढे धरला.

"ह्यो... कोण?" आप्पांनी विचारलं.

"कोण म्हंजे? तुमीच की!" गंगव्वा म्हणाली.

ते बघत राहिले. बोट पाकळीवर गेलं, मग फोटोतल्या डाव्या गालावर. मग तेच बोट त्यांच्या स्वतःच्या डाव्या गालावर आलं.

"उन्हात... दिसलं न्हाय... कुणाला?"

"न्हाय, आप्पा. समद्यांस्नी नुसतं पांढरं दिसत हुतं."

"मग हुतं... कुठं?"

"तिथंच. उजेड कमी केला, मग दिसलं."

वर्गात एखाद्या पोराचं उत्तर तपासावं तसं आप्पांनी हे उत्तर थोडा वेळ तपासलं. मग ते गंगव्वाकडे वळले.

"आरसा... सुलटा कर."

गंगव्वाने आरसा फिरवून खिळ्याला अडकवला, पदराने पुसला. आप्पा समोर बसले, एका हाताने फोटो आरशाशेजारी धरून. दोन तोंडं शेजारी शेजारी.

"फूल आणू काय, तोंडात टाकाय?" गंगव्वा म्हणाली.

आप्पांची उजवी बाजू हसली. समता श्वास रोखून डाव्या बाजूकडे बघत राहिली.