आधी काय झालं ते लिहा

वर्गात माझ्या माघारी मला 'लालबाई' म्हणतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. पेन लाल, म्हणून. चिडले की चेहराही तसाच होतो म्हणे, पण ते मी मनावर घेत नाही. संध्याकाळच्या वर्गाला येणारी माणसं दिवसभर राबून आलेली असतात, कुणी बेकरीच्या भट्टीपुढून, कुणी टॅक्सीतून थेट. इथली भाषा त्यांची नव्हे, तरी बोलता येते, भांडताही येतं. लिहायची वेळ आली की मात्र घोडं अडतं. ते हाकायचं काम माझं.

त्या सगळ्यांत वाईट लिहायची ती मावशी. वयानं माझ्या मुलीएवढी, पण वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं हवं-नको बघणाऱ्या बाईला मावशीच म्हणतात, त्याला तिचा इलाज नव्हता. माझी आई त्याच आश्रमात तिसऱ्या मजल्यावर होती आणि तीसुद्धा तिला मावशीच म्हणायची. आई कुणाच्या हातून जेवायची नाही. मी घास पुढे केला तर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायची, जसं काही मी विजेचं बिल घेऊन आलेय. मावशी त्या मजल्यावर आली आणि आई जेवायला लागली. कसं, ते देव जाणे. मला आनंद झाला आणि थोडं लागलंही.

मग आश्रमानं नवा नियम काढला. कामाची पाळी संपताना प्रत्येकीनं डॉक्टरांसाठी नोंद लिहून ठेवायची, ती इथल्या भाषेत. जिला जमणार नाही, तिला माणसांजवळ ठेवणार नाहीत, खाली धुलाईघरात पाठवणार. मेट्रन स्वतः परीक्षा घेणार होत्या. मावशी धुलाईघरात गेली की आईचं जेवण बंद, एवढं साधं गणित होतं. मी तिला हाताला धरून वर्गात आणून बसवलं.

"परोपकार वगैरे काही नाही हं," मी तिला आधीच सांगून टाकलं. "माझी आई तुमच्याशिवाय जेवत नाही, म्हणून शिकवतेय."

"माहीत आहे, बाई. आजी सांगतात, माझी मुलगी फार तापट आहे."

"असं म्हणाली?"

"नाही. याच्यापेक्षा बरंच जास्त म्हणाल्या."

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिलं, 'एक आजोबा पलंगावरून पडले. नोंद लिहा.' बेकरीवाल्यानं दोन ओळी लिहिल्या. टॅक्सीवाल्यानं आजोबांना थेट दवाखान्यात नेऊन भाडंही लावलं. मावशी मान खाली घालून लिहीतच राहिली. कागद हातात आला तेव्हा वाचलं, 'सकाळी ऊन चांगलं होतं. खिडकी मी पुसली होती. आजोबांनी दूध घेतलं, साखर कमी आहे म्हणाले. त्यांचा मुलगा येऊन गेला. त्याचे बूट नवे होते, आजोबांना आवडले.' असं पान भरलं. मी पान उलटलं. तिथे आजोबांनी शेजारच्या आजीबाईंची चौकशी केली. शेवटून दुसऱ्या ओळीत ते एकदाचे पडले.

मी कपाळाला हात लावला. "अहो, तोवर ते बिचारे जमिनीवरच?"

वर्ग हसला. मावशीला हसण्यासारखं काही दिसेना. "त्यांना उचलून, झोपवून मगच लिहायला बसले ना, बाई."

मी खुर्ची ओढून तिच्यापाशी बसले आणि विचारलं, की मुद्द्याची गोष्ट अशी तळाशी का पुरून ठेवता. ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "आमच्याकडे वाईट बातमी दारातून आत फेकत नाहीत. आधी जे शाबूत आहे ते सांगायचं. माझे वडील गेले तेव्हा भावाचा फोन आला. म्हणाला, विहिरीला पाणी आहे. छप्पर गळत नाही. ताईचा मुलगा चालायला लागला. मला कळलं, काहीतरी येतंय. मी खाली बसले, भिंतीला टेकले. मग त्यानं सांगितलं."

मला काही सुचेनासं झालं की मी चिडते. "छान आहे," मी म्हटलं. "पण डॉक्टरांना भिंतीला टेकायला वेळ नसतो. आधी काय झालं ते लिहा. मग केव्हा झालं. मग तुम्ही काय केलंत. तीन ओळी, संपलं. बाकीचं कुणी वाचत नाही."

लाल पेनानं तिचं काही होईना, तेव्हा मी दुसरा मार्ग काढला. ती लिहून आणायची. मी तिसऱ्या ओळीखाली कागद दुमडायचे, नखानं घडी घालायचे आणि खालचा भाग फाडून टोपलीत टाकायचे. वरच्या तुकड्यात काय झालं ते नसेल, तर पुन्हा लिहायचं. ऊन गेलं टोपलीत, दूध गेलं, नवे बूट गेले. तुकडा टोपलीत पडेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहायची. मला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण लगेच आईचं ते खिडकीकडे वळवलेलं तोंड आठवायचं आणि मी पुढचा कागद दुमडायचे.

हळूहळू ऊन मागे सरकलं. एका संध्याकाळी तिनं कागद आणला त्यात तीनच ओळी होत्या आणि फाडायला काही उरलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर थाप मारली. परीक्षेत मेट्रननी तिची नोंद सगळ्यांना वाचून दाखवली म्हणे. मावशी तिसऱ्या मजल्यावरच राहिली, आई जेवत राहिली आणि माझ्या जिवात जीव आला.

थंडीचे दिवस सरत आले होते. भर दुपारी आश्रमातून फोन आला. लगेच या, एवढंच म्हणाले. मी वह्या तशाच टाकून निघाले. कार्यालयात मेट्रन उठून उभ्या राहिल्या, खुर्ची पुढे केली आणि टेबलावरचा कागद उचलला. घरच्यांना नोंदीची प्रत द्यायची पद्धत होती. त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.

'तिसऱ्या मजल्यावरच्या आजी वारल्या. दुपारी जेवणानंतर, झोपेत. मी डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी तपासलं.'

अक्षर मावशीचं होतं. मी उभ्यानंच वाचलं. भिंत हाताशी होती, पण टेकायला सवडच मिळाली नाही.

मी सवयीनं चूक शोधली. एकही नव्हती. आधी काय झालं, मग केव्हा, मग काय केलं. नियम माझा बरोबरच होता, आजही मी तो बदलणार नाही. डॉक्टरांना त्या तीन ओळींत सगळं कळलं असणार. मला मात्र आई गेली यापलीकडे काही कळत नव्हतं. खालचा कागद कोरा होता आणि मी त्या कोऱ्या जागेवर अंगठा फिरवत जिना चढले.

आईचे केस विंचरलेले होते. पांघरूण हनुवटीपर्यंत नीट ओढलेलं. मावशी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, डोळे सुजलेले. मी आईच्या कपाळावर हात ठेवला आणि रडले. रडता रडता मला भयंकर राग आला, त्या कागदाचा.

"बाकीचं कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठलं, बाई?"

"याच्या खालचं. ती जेवली का? कशाला नावं ठेवली? माझ्याबद्दल काही बोलली का?"

"ते कुणी वाचत नाही, बाई." टोमणा नव्हता तो. शिकवलेला धडा आठवून सांगावा तसं ती बोलली, आणि म्हणूनच जास्त लागलं.

"मी वाचते," मी म्हटलं.

"सांगू का?"

"आत्ता सांगितलेलं माझ्या डोक्यात राहायचं नाही. लिहून द्या. घरी गेल्यावर वाचेन."

तिनं टेबलावरची औषधं बाजूला सारली, कागद घेतला आणि खुर्चीवर बसली. "किती ओळी?"

"येतील तेवढ्या."

तिनं पेन टेकवलं, पुन्हा उचललं. सवय मीच मोडली होती, आता तिला सुरुवात सापडेना. "आधी काय लिहू, बाई?"

"ऊन कसं होतं ते लिहा."

ती लिहायला लागली. मी आईच्या पलंगाशेजारी जमिनीवर बसले, भिंतीला टेकले आणि तिनं पान उलटायची वाट बघत राहिले.