बुडतंय कोण?

आमच्या घराण्यात शौर्य एकदाच झालं, तेही पाण्यात. आजोबांनी नदीच्या पुरात उडी घेऊन एका मुलीला वाचवलं. पुढे त्यांनी पोहण्याचा तलाव बांधला आणि आम्ही त्या उडीच्या पाण्यात आजवर हात धुऊन घेतोय. आज तलावाच्या भिंतीवर त्यांच्या नावाचा दगड बसला होता. दगडावरचा पडदा सरला की माझी मुलगी खोल बाजूला उडी मारणार, असं मी गावभर सांगून बसलो होतो. तिला मात्र उथळ पाणीच मानवायचं.

"पणजोबा पट्टीचे पोहणारे! मी उडीच्या फळीवर चढले की तशीच खाली उतरते. सगळे हसतील, बाबा."

"रक्तात आहे आपल्या," मी म्हणालो.

तिनं पडद्याखाली डोकं घालून दगड वाचला. मजकूर माझाच: 'यांनी पुरात बुडताना एका मुलीस वाचवले.'

"बाबा, यात बुडतंय कोण?"

"मुलगी. उघड आहे."

"व्याकरणात नाही! 'बुडताना'चे कर्ते पणजोबाच."

खुर्चीतली आत्या, आजोबांची धाकटी लेक, खो खो हसत सुटली. "बरोबर पकडलंस गं! अण्णांना कुठे पोहता येत होतं? ती मुलगी मजेत पोहत होती. यांना वाटलं बुडतेय. मारली उडी, अन् नाकातोंडात पाणी! तिनंच केसांना धरून काठावर आणलं."

"तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. केस धरणारी तीच. लग्नानंतरही सोडले नाहीत."

मी गार. फाटकातून पाहुणे आत येत होते. मुलीचे डोळे मात्र चमकायला लागले.

"पण पणजीचं तरी खरं कशावरून? तीही आपलीच बाजू सांगणार!" असं म्हणत ती मागच्या जुन्या हौदाकडे धावली. मागोमाग मी, माझ्यामागे काठी टेकत आत्या. "हे बघा! पणजोबांनी आधी हा बांधला. पाणी कमरेइतकं, अन् चारी बाजूंनी धरायला दांडा! पट्टीच्या पोहणाऱ्याला दांडा कशाला?"

त्या दांड्याला दरवर्षी रंग मी देतो. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"आत्या, दगड परत पाठवू?"

"राहू दे. अर्धा खरा आहे. दगडावर एवढं खरं सहसा नसतं."

"पण उडी मारली ना त्यांनी?" मुलगी अधीर झाली होती.

"मारली. तेवढं अण्णा-आई दोघंही सांगायचे."

"पोहता येत नसताना?"

"अजिबात!"

"मला तर येतं!" ती फळीकडे पळालीसुद्धा.

"अगं, पडदा तरी सरू दे!"

धप्प! प्रमुख पाहुण्यांचा कोट भिजला. प्रशिक्षक रबरी चाक घेऊन धावला. पाणी तिच्यावर मिटलं, आणि मी काठावर ओणवा झालो.

मग डोळ्यांवर केस आलेलं एक डोकं खोकत वर आलं, आणि हातपाय मारत काठाकडे निघालं.

"बाबा! कर्ता मी!"