कालिंदीबाईंचं दूध

“हात बदलू नको गो! एकाच दिशेनं घोट. चटचट वाजलं की समज, तेल पाण्यात जिरलं.”

कालिंदीबाईंनी सुनेत्राला हे शिकवलं तेव्हा परळच्या त्या औषध कारखान्यात माशाच्या तेलाचं टॉनिक दगडी खलात घोटलं जाई. तेल, डिंकाची पूड, पाणी आणि बाईंचा उजवा हात. पांढरंशुभ्र उतरायचं. सगळे त्याला कालिंदीबाईंचं दूधच म्हणत.

मग यंत्र आलं. तेल-पाणी बारीक फटीतून जोरानं दाबून काढणारं. साहेबांनी ते सुनेत्राच्या हाती दिलं.

“स्टुलावर बसायचं नि बटण दाबायचं. घाम तरी येतो का गो तुला?” डबा खाताना बाईंनी विचारलं.

“तुमच्या हाताची सर कुठली यायला, बाई,” सुनेत्रा म्हणाली.

तिच्या त्या गोड बोलण्यावर बाईंनी अर्धा डबा तसाच झाकून ठेवला.

साहेबांनी दोघींची एकेक बाटली फळीवर ठेवली. महिन्याभरात जिच्यात तेल वर येईल, ती पद्धत बंद. बाई येता-जाता सुनेत्राच्या बाटलीकडे बघत. हिच्यात एवढासा तवंग दिसू दे, एवढंच त्यांचं मागणं.

दिसेना. तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. आदल्या संध्याकाळी सगळ्याजणी मोर्चाचं बोलत जिना उतरल्या, बाई मागे राहिल्या. सुनेत्राची बाटली त्यांनी खिडकीत, ऐन उन्हाच्या जागी ठेवली. स्वतःची फळीवर, सावलीत.

कारखाना उघडला तेव्हा सुनेत्राची बाटली होती तशीच पांढरी होती. बाईंच्या बाटलीच्या गळ्याशी तेलाचं पिवळं कडं धरलं होतं.

“ही खिडकीत कुणी ठेवली?” साहेबांनी विचारलं.

शेवटी कोण निघालं होतं, ते सुनेत्राला ठाऊक होतं.

“मीच, साहेब. म्हटलं, उन्हात टिकते का बघू.”

बाईंकडे सुनेत्रानं पाहिलंसुद्धा नाही. यंत्र घेतलं ते घेतलं, आता मोठेपणही हिनंच घ्यावं! बाईंना तिचा इतका राग कधीच आला नव्हता.

खल धुऊन त्यांनी पालथा घातला. आपली बाटली पदराआड घरी नेली.

लालबागच्या खोलीत नात बकुळा तोंड उघडून बसली होती.

“आजी, चमचाभर दे ना गं.”

“थांब.”

बाटली हातात धरून बाई ती गोल फिरवत राहिल्या. एकाच दिशेनं.